फोन कोणाला येईल? लढाईच्या तोंडावरचं देवळी तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण मे २०२५ मधलं. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातलं, पुलगावच्या जवळचं एक गाव. मुलगी एकोणीस वर्षांची, मुलगा वीसचा. दोन्ही घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं कोणाचीच देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायकोची भांडणं, दारू, पळून गेलेली पोरं, सोडचिठ्ठी हे आमचं रोजचं काम. लढाईच्या भीतीतून आमच्याकडे प्रकरण येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. ते सविस्तर मांडायचं कारण एवढंच, की जवानाच्या बायकोसाठी आणि आईबापासाठी काही ना काही सोय असते. ज्या मुलीचं अजून लग्न झालेलं नाही तिच्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नाही. अशा मुली विदर्भातल्या गावोगावी आहेत आणि त्या कोणाला दिसत नाहीत.

प्रकरण आमच्याकडे कसं आलं

मेच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या आशाताई मुलीला आणि तिच्या आईला घेऊन आल्या. मायलेकी पऱ्हाट्या वेचायला रोजाने गेल्या होत्या, तिथे मुलगी चक्कर येऊन पडली. पारा चव्वेचाळीसच्या आसपास असताना कोणीही पडेल, पण आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी आठ-दहा दिवसांपासून जेवत नव्हती, रात्रभर मोबाइल उशाशी धरून जागी असायची. आईला भलतीच शंका आली. आशाताईंनी घरीच निश्चय किटवर गर्भाची तपासणी करून ती शंका मिटवली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या. तरीही जेवण जाईना.

आई बाहेर गेल्यावर मुलगी बोलली. गावातलाच मुलगा, अग्निवीर, जम्मूकडे पोस्टिंग. नेमकं कुठे ते तिला ठाऊक नव्हतं, त्याने कधी सांगितलं नव्हतं. ३ मेला त्याचा शेवटचा मेसेज आला होता: काही दिवस फोन लागणार नाही, टेन्शन घेऊ नको, जेवत जा.

मग तिने जे विचारलं त्यावरच हे सगळं प्रकरण उभं आहे. "मॅडम, आमी कोर्ट मॅरेज केलं तं मले फोन येईन ना?"

कसला फोन, हे मी विचारलं नाही.

दोन घरं

ओळख कशी झाली ते आजकालच्या गावाकडचं अगदी सरळ आहे. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं धावतात. मुलगा आर्मीसाठी सोळाशे मीटर काढत होता, मुलगी पोलिस भरतीसाठी आठशे. पोरी दोन-तीनच होत्या म्हणून पोरांच्या मागून धावायच्या. हा तिची वेळ मोबाइलवर धरायचा. २०२३ च्या शेवटी तो भरती झाला, तोवर बोलणं रोजचं झालं होतं. सगळं फोनवर, त्यात भेटी फार थोड्या.

मुलाचा बाप सालदार आहे, पाडव्याला मालक ठरतो आणि वर्षभर त्याच्याच वावरात राबतो. स्वतःची दीड एकर कोरडवाहू. आई रोजाने जाते. मुलाचा पगार सुरू झाला तसे या घराचे गटाचे हप्ते फिटले आणि घरकुलाचं अडलेलं काम पुरं झालं. अग्निवीराला दुसऱ्या वर्षी महिन्याला ३३,००० रुपये ठरलेले असतात. त्यातले ९,९०० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत, कापले जातात, हातात २३,१०० येतात. सालदाराच्या घरात एवढी नियमित रक्कम कधीच आली नव्हती.

मुलीच्या घरी शेती नाही. बाप हंगामात जिनिंगवर हमाली करतो, एरवी मिळेल ते काम. त्याआधी काही वर्षं तो ठेकेदारामार्फत पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या कामावर जात असे. ही गोष्ट सुरुवातीला कोणी महत्त्वाची मानली नाही. प्रकरण सुटलं ते तिथेच, म्हणून पुढे ती सांगतेच.

दोन घरांचा समाज वेगळा. मुलगा भरती झाला नसता तर ही गोष्ट कुऱ्हाडीपर्यंत गेली असती असं आशाताई म्हणाल्या, आणि मला ते पटतं. वर्दी अंगावर आल्यावर जातीची अडचण बरीच विरघळते हे मी इतर गावांतही पाहिलं आहे. मुलाच्या आईला सगळं ठाऊक होतं, ती राजी होती. मुलीच्या आईला अंदाज होता. बापाला सांगितलं नव्हतं, पण त्यालाही समजलेलं होतं.

एप्रिलनंतर काय बदललं

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यानंतर दोन आठवडे देशभर एकच बोलणं होतं, की आता लढाई होणार. आमच्याकडे ते टीव्हीबाहेरही दिसत होतं. भद्रावतीजवळच्या चांदा आयुध निर्माणीत कामगारांच्या सुट्या रद्द झाल्या ही बातमी इकडे लगेच पोचली, कारण पुलगाव, भद्रावती, भंडारा, अंबाझरी या पट्ट्यात दारूगोळ्यावर पोट असलेली घरं खूप आहेत. मुलाची सुट्टी मंजूर होती, चुलतबहिणीचं लग्न होतं. ती रद्द झाली.

आणि इथून मोठी माणसं घाईला आली. प्रत्येकाची घाई वेगळी.

मुलाच्या आईने ठरवलं की तो नसला तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकून घ्यायचं. "तिले साडी नेसवून ठेवतो, मंग तो आला का लगन." यात तिचा काही डाव नव्हता. पोराला परत यायला एक कारण जास्त असावं, एवढंच तिच्या मनात होतं. मुलीच्या बापाने उलट यवतमाळकडचं एक स्थळ बोलावलं, पाऊस लागायच्या आत लग्न लावून द्यायचं म्हणाला. आणि मुलगी कोर्ट मॅरेजचा विचार करत होती.

या मुलाशी लगेच लग्न होणं शक्यच नव्हतं, हे आधी समजावून सांगावं लागलं. अग्निवीर भरती होतो तो अविवाहित म्हणून, आणि मधे लग्न केलं तर पुढे कायम होण्याची संधी जाते असं मुलाने स्वतः आईला सांगितलेलं होतं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होतात. त्या पंचवीसमध्ये येण्यासाठी हा जीव तोडून राबत होता. दुसरं म्हणजे मुलगा वीसचा. कायद्याने मुलाला २१ पुरी लागतात, मुलीला १८. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दोघं हजर लागतात. सैन्यात असला, लढाईवर निघाला, म्हणून यातलं काही सुटत नाही.

मुलीने हे सगळं शांतपणे ऐकलं. तिला लग्नाची घाई नव्हतीच, हे मला तेव्हा नीट दिसलं. ६ मेला दुसऱ्या कोणाच्या तरी नंबरवरून मुलाचा आईला फोन आला होता, मिनिटभराचा. मुलीला ते दोन दिवसांनी कळलं. किराणा दुकानात, तिसऱ्याच बाईकडून. "तो बोलला, बरा आहे, हे मले दुकानात समजलं. उद्या काही झालं तं तेबी दुकानातच समजन." हे सांगताना ती रडली. तोवर रडली नव्हती.

तिला हवं होतं ते एवढंच, की ज्यांना कळवलं जातं त्यांच्यात आपण असावं.

पैशाची बोलणी

ही गोष्ट लिहायला नको वाटते, पण गाळली तर प्रकरण खोटं होईल. अग्निवीर सेवेत असताना मरण पावला तर ४८ लाखांचा विमा असतो. कर्तव्यावर मृत्यू आला तर वर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, आणि उरलेल्या मुदतीचा पगार व सेवानिधी वेगळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये मरण पावला तेव्हापासून हे आकडे आमच्याकडे पारावरसुद्धा पाठ आहेत. ७ मेनंतर गावात कोणीतरी बोललं की पोरगी साक्षगंधाला तयार झाली ती उगाच नाही, कोटभराची गोष्ट आहे.

पोरगा जिवंत, ड्युटीवर, आणि गाव त्याच्या मरणाचा हिशेब करतं. मला याचा संताप आला होता, अजूनही येतो. अविवाहित जवानाच्या कागदावर वारस म्हणून आईबापच असतात, साक्षगंधाने त्यात काही बदलत नाही. हे मी आणि आशाताईंनी बचत गटाच्या बैठकीत मुद्दाम मोठ्याने सांगितलं. पण तोवर ते बोलणं मुलीच्या बापाच्या कानावर गेलं होतं आणि त्याने तिचं घराबाहेर पडणं बंद केलं होतं.

७ ते १० मे

७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. पुढच्या तीन रात्री मुलीसाठी सर्वांत वाईट होत्या. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उडवल्याच्या बातम्या चालवल्या, त्या खोट्या निघाल्या. मोबाइलवर भलत्याच ठिकाणचे, जुने व्हिडिओ फिरत होते. ती प्रत्येक व्हिडिओ थांबवून थांबवून जवानांचे चेहरे बघायची. ९ मेला आंध्रचा एक अग्निवीर सीमेवरच्या गोळीबारात गेल्याची बातमी आली. अग्निवीर एवढा एकच शब्द तिने पुढचं न वाचता पाहिला आणि तिचे हातपाय गार पडले. आशाताईंनी रात्री फोन करून मला हे सांगितलं.

उपाय म्हणून जे केलं ते साधं होतं. बातम्या फक्त सरकारी पत्रकार परिषदेच्या बघायच्या, त्याही दिवसा, आईसोबत. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांची माहिती ऐकायची आणि टीव्ही बंद करायचा. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या या पोरीने कर्नल कुरेशींचं बोलणं मन लावून ऐकलं, तेवढा वेळ तिचे हात शांत असत असं आई म्हणाली. रात्री फोन आईच्या उशाशी, आवाज पूर्ण मोठा करून. रिंग चुकणार नाही याची खात्री झाल्यावरच ती झोपू लागली. झोप नाहीच आली तर बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिला. तिने तो एकदा लावला.

पण घराबाहेर पडायची बंदी उठल्याशिवाय यातलं काही टिकणार नव्हतं. बापाशी बोलणं भाग होतं.

बापाचं म्हणणं

गावात सगळे धरून चालले होते की त्याचा विरोध जातीवरून आहे, आणि आता पैशाच्या आळामुळे तो आणखी कडक झाला. मी दुपारी गेले. तो ओसरीत बसला होता. जातीबद्दल मी बोललेच नाही, डेपोच्या कामाबद्दल विचारलं. काम काय असायचं, पेट्या किती जड असायच्या.

तो उठला आणि पेटी कशी उचलायची ते दाखवलं. गुडघे वाकवून, दोन्ही हात खालून, पेटी छातीशी धरल्यासारखे, पावलं छोटी. रिकामे हात तसेच धरून तो ओसरीच्या टोकापर्यंत गेला आणि हळूच वाकून काहीच नसलेलं खाली ठेवलं. "असं ठेवा लागे. आवाज होऊ द्याचा नाही."

पुलगावचा डेपो इथल्या माणसांना दोन तारखांनी आठवतो. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतरची आग, ज्यात अधिकारी आणि आगीशी झुंजणारे जवान मिळून पंधराहून जास्त माणसं गेली. आणि २० नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. जुना दारूगोळा निकामी करायच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले. मरणाऱ्यांत आणि जखमींत आजूबाजूच्या गावांतले रोजंदार होते. हा माणूस त्या दिवशी कामावर गेला नव्हता. त्याच्या ओळखीचे गेले होते. त्यानंतर त्याने ते काम सोडलं.

"त्या पेटीत काय असते ते मले मालूम हाय, मॅडम. टीव्हीवाल्याले नाही मालूम. ते दोन्हीकून सुटते. माही पोरगी काऊन त्याची वाट पाहत बसन?"

यवतमाळच्या स्थळाचं कारण हे होतं. सात वर्षांत त्याने हे घरात कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. दारात उभी असलेली त्याची बायको पहिल्यांदाच ऐकत होती, मुलगीही आतून ऐकत होती. माझ्या मते हे प्रकरण त्या दुपारी सुटलं. नंतर जे ठरलं ते त्याचं फळ. मुलीला आजवर वाटत होतं की बापाला तिचं प्रेम कळत नाही. आणि इथे सगळ्या गावात तिच्याइतका घाबरलेला एकच माणूस होता, तो तिचा बाप. संध्याकाळी दोघं एकत्र जेवले, हे आईने मला दुसऱ्या दिवशी आवर्जून सांगितलं.

काय ठरलं

१० मेच्या सकाळी मुलाच्या अंगणात लिंबाखाली बसलो. दोन्ही आया, मुलीचा बाप, मी आणि आशाताई. मुलाचा बाप वावरातून उशिरा आला, तोही बसला. मुलगी येऊ का विचारत होती. तिच्याविषयीच बोलायचं तर ती हवीच, असं मी म्हटलं.

साक्षगंध आत्ता नाही, लग्नाचा विषय मुलाची चार वर्षं पुरी झाल्यावर. यवतमाळकडच्यांना तसा निरोप. याला फार वेळ लागला नाही. पैशाचा विषय मुलीच्या बापाने स्वतः काढला: त्यातल्या रुपयालाही आमचा हात लागणार नाही, हे सगळ्यांसमोर ऐका. मुलाच्या आईला त्याचं वाईट वाटलं. "भाऊ, असं बोलूच नोका," म्हणाली.

वेळ लागला तो फोनच्या मुद्द्याला. मुलाकडून काही आलं, बरं किंवा वाईट, तर मुलीला त्याच घडीला कळवायचं, दुकानात नाही, बाहेरच्या माणसाकडून नाही. मुलाच्या आईने लगेच हो म्हटलं. तिच्या साध्या मोबाइलमध्ये मुलीचा नंबर नव्हता, आशाताईंनी तो टाकून दोनच्या बटणावर बसवून दिला. तिला अक्षरओळख कमी, म्हणून. एकदा दाबून पाहिलं, मुलीच्या हातातला फोन वाजला.

मग बाप म्हणाला, "वाईट असन तं मले आधी सांगा. मी तिले सांगीन." मुलगी म्हणाली, नाही, मला थेट पाहिजे. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी असं ठरलं की वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, मुलाच्या घरच्या कोणीतरी चालत यायचं आणि बापलेकींना एकत्र सांगायचं. असल्या गोष्टी ठरवताना अंगावर काटा येतो. पण न ठरवता ठेवल्या तर त्या रोज रात्री मुलीच्या डोक्यात नव्याने ठरत होत्या.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं दोन्ही देशांनी मान्य केलं. रात्री पुन्हा ड्रोनच्या बातम्या आल्या, मग हळूहळू सगळं शांत झालं.

११ तारखेला दुपारी मुलाचा आईला फोन आला. ती भांडी घासत होती. तशीच, राखेच्या हाताने फोन कानाला धरून, पोराशी बोलत बोलत ती मुलीच्या घरी निघाली. वाटेत फोन कट झाला. तरी ती थांबली नाही. तिथे पोचून ओसरीत बसून राहिली, पुन्हा वाजेपर्यंत. वाजला तेव्हा तिने उचललाच नाही, मुलीच्या हातात दिला.

त्यानंतर

मुलीचं जेवण आठवडाभरात सुरळीत झालं, रक्त वाढायला जास्त दिवस लागले. अनोळखी नंबरवरून फोन आला की ती अजूनही दचकते. हे जाईल असं मी तिला सांगितलेलं नाही. पहाटेचं धावणं पावसाळ्याआधी पुन्हा सुरू झालं आणि वर्षाअखेर पोलिस भरतीचे अर्ज सुटले तेव्हा तिने भरला.

मुलगा पोळ्याच्या सुमारास सुट्टीवर आला. त्याच्याशी माझं बोलणं झालं. लढाईबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्याने एक केलं होतं: युनिटमधल्या जोडीदाराला मुलीचा नंबर देऊन ठेवला होता. आपल्यालाही तिला कळवायची सोय करायची होती, पण कोणाला सांगावं कळत नव्हतं, असं म्हणाला. भरतीच्या वेळी वारसाची माहिती घेतात तशी, 'आणखी कोणाला कळवायचं' अशी एक ओळ प्रत्येक जवानाला मिळायला हवी. त्या ओळीवर पैशाचा कुठलाही हक्क नको, फक्त निरोपाचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मी हे लेखी मांडलं आहे. तोवर आमच्या तालुक्यात आशाताई आणि अंगणवाडीच्या बायका एवढं करतात, की जवानाच्या घरी गेल्या की आईला हळूच विचारतात, आणखी कोणी वाट पाहणारं आहे का.

मुलगा मुलीच्या बापाला भेटायला गेला, एकटाच. ओसरीत दोघं बसले. बापाने त्याला सीमेवरचं काही विचारलं नाही. २०२७ ला चार वर्षं भरतील. कायम झाला नाही तर सेवानिधीचे व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार हातात येतील, पेन्शन नाही. त्यावर बाप त्याला म्हणाला, "मंग काय करशीन? दीड एकरात दोघं जगान का?" मुलाने ट्रॅक्टरचं काहीतरी सांगितलं. बापाला ते पटलं नाही. मुलगी पोलिसात लागली तर काय, नाही लागली तर काय, यावरही बोलणं झालं. ठरलं काहीच नाही. दर सुट्टीला तो जातो आणि ते दोघं त्याच विषयावर वाद घालतात.